नऊ किलोमीटर जातात कुठे

‘अठ्ठावीस सांगतात आणि एकोणीस देतात. मग मधले नऊ किलोमीटर जातात कुठे?’

ही कुरकुर न्हाणीघराच्या बंद दारातून येत होती. दाढीचा फेस तोंडात जाऊ नये म्हणून शब्द ओठ आवळून येत होते, पण दाराबाहेर इस्त्री करत उभ्या असलेल्या काकूंना त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं. हातातली इस्त्री सदऱ्याच्या बाहीवर थांबली आणि जरा जास्तच वेळ थांबली. कारण ते नऊ किलोमीटर कुठे जातात, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

सगळी इमारत त्यांना काकू म्हणे, म्हणून आपणही काकूच म्हणू. आणि दाराआडचे गृहस्थ म्हणजे मापसाहेब. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली होती. ते दुकानात शिरले की तराजूचा काटा आपण होऊन सरळ उभा राही, असं लोक सांगत. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा ते घर तपासू लागले. चहात साखर थोडी कमी घातलीय, असं काकू म्हणाल्या की ते शांतपणे विचारत, ‘थोडी म्हणजे किती?’ पाहुणे फार वेळ बसले, असं म्हटलं की, ‘फार म्हणजे किती?’ थोडं, फार, जरासं, बरंच हे सगळे शब्द त्यांच्या लेखी खोटी वजनं होती, आणि त्यांच्या घरात खोटी वजनं चालत नसत.

तर अशा माणसाच्या घरात नऊ किलोमीटर कमी भरले होते. आणि तेही दर लिटरमागे.

गाडी घेतली ती काकूंसाठी. छोटीशीच, हायब्रिड, म्हणजे थोडी बॅटरीवर आणि थोडी पेट्रोलवर चालणारी. (हे ‘थोडी’ मात्र मापसाहेबांना चाले, कारण ते कंपनीनं छापलेलं होतं.) काकूंना इंजिनाच्या घरघरीची आणि गिअरची धास्ती. म्हणून त्यांनी मुद्दाम बिनगिअरची, बिनआवाजाची गाडी शोधली आणि बायकोला तिच्या त्रेपन्नाव्या वर्षी मोकळ्या मैदानावर तीन आठवडे स्वतः शिकवलं. एकदाही आवाज चढवला नाही. काकूंनी मैदानाच्या भिंतीला गाडी टेकवली तेव्हा ते खाली उतरले, वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘ब्रेक चार सेंटिमीटर उशिरा लागला.’ असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. अडचण नेमकी तिथेच होती.

घर तीन खोल्यांचं. एका खोलीत मुलगा दार लावून ऑफिसचं काम करी, दुसरीत सून. दोघं दिवसभर भिंतींशी बोलत असत आणि भिंती त्यांना इंग्रजीत उत्तरं देत असत, त्यामुळे भांड्याला भांडं लागून चालत नसे. दिवाणखान्यात मापसाहेब. स्वयंपाकघराला दारच नव्हतं. लग्न झाल्यापासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर काकूंचं असे. त्या वेळात त्यांनी काही पराक्रम केले असं नाही. आडवं व्हावं, खिडकीत उभं राहावं, स्वतःशी चार शब्द बोलावेत, इतकंच. आता स्वतःशी बोललं की दिवाणखान्यातून प्रश्न येई, ‘काय म्हणालीस?’ आणि काहीच म्हटलं नाही की पाच मिनिटांनी येई, ‘गप्प का?’

एका दुपारी चार वाजता त्या वाचनालयात पुस्तक परत करायला गेल्या. मागच्या लांब भिंतीशी गाडी लावली आणि उतरण्याआधी नुसत्या बसल्या. गाडी मुकी होती. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ पाहिलं तर पाऊण तास झाला होता, आणि खांदे, जे कधीपासून वर चढून बसले होते ते, आपल्या जागी आले होते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. रविवार सोडून मग रोजच. ऊन असे म्हणून एसी लागे, एसी बॅटरी खाई, बॅटरी उतरली की इंजिन दोन मिनिटं थरथरून जागं होई आणि पुन्हा झोपी जाई. त्या थरथरीत पेट्रोल जळत होतं आणि चाक मात्र जागचं हलत नव्हतं. नऊ किलोमीटर कुणी पळवले नव्हते. ते भिंतीशी बसून होते.

सांगून टाकायला हरकत नव्हती. पण सांगायचं काय? मी रोज तासभर तुमच्यापासून लांब जाऊन बसते? आणि ते कुणाला, तर जो माणूस आपली गाडी फाटकातून आत येईपर्यंत गॅलरीत उभा राहतो, त्याला? काकूंनी बाहीवरचा चट्टा पाहिला, सदरा घडी करून तळाला घातला आणि तोंड मिटलं.

मापसाहेबांनी मात्र तोंड उघडलं, आणि चूक झाली ती तिथे. इमारतीत एकदा प्रश्न सोडला की उत्तरं जिन्यावरून येतात. कुणी म्हणालं, पेट्रोल सकाळी गार असताना भरावं. कुणी म्हणालं, टायरमध्ये हवा दोन पौंड चढी ठेवावी. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचं म्हणणं पडलं, सगळा दोष वजनाचा आहे. दंतवैद्य बोलू लागले की थांबत नसत. समोरच्याचं तोंड उघडं आहे पण त्यातून उत्तर यायचं नाही, अशा संभाषणाची त्यांना धंद्यानं सवय लावली होती.

झालं. गाडी हलकी करायची मोहीम निघाली. छत्री गेली, पायपुसणी गेली, जॅक गेला, हात पुसायच्या कागदांचा डबासुद्धा गेला. स्टेपनीचं वजन साडेतेरा किलो भरलं, तेव्हा ती पलंगाखाली गेली. काकूंची पर्स काट्यावर चढली. एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. ‘एवढं असतं काय हिच्यात?’ या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही बाईनं आजवर उत्तर दिलेलं नाही, काकूंनीही दिलं नाही. मग हातात पेन्सिल घेऊन मापसाहेबांनी चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायकोला तिचं वजन विचारलं. काकूंनी असं पाहिलं की ते पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, ‘राहू दे, ते गृहीत धरू.’

पुढे आली पानं. या गाडीत काट्यांच्या शेजारी एक चिमुकलं झाड दिसे. हळुवार चालवलं की त्याला पानं फुटत, जोरात दामटलं की गळत. मापसाहेब पानांसाठी गाडी चालवू लागले. सिग्नल अर्धा किलोमीटरवर दिसला की पाय काढून घेत आणि गाडीला तिच्या मनानं जाऊ देत. मागे रांग लागे. एकदा सायकलवरून एक आजोबा पुढे निघून गेले आणि जाता जाता त्यांनी काचेवर टकटक करून गाडी बंद पडली आहे का, याची चौकशी केली. मापसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण झाडाला पाच पानं होती. आठवड्याच्या शेवटी टाकी काठोकाठ भरून भागाकार केला. एकोणीस पूर्णांक दोन.

काकूंचं मन त्यांना खाऊ लागलं. त्यांनी एसीशिवाय बसून पाहिलं. अकराव्या मिनिटाला उकडलेल्या बटाट्यासारख्या बाहेर आल्या. न जाऊनही पाहिलं. त्याच संध्याकाळी सुनेनं विचारलं, ‘आई, आज चार वाजता गेला नाहीत?’ आणि लगेच, आपण जास्त बोललो असं वाटल्यासारखी ती लॅपटॉपात शिरली. मग काकूंना एक युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली की माणसाचं भलं होतच असं नाही. जेवढं आपण जाळतो तेवढं आपणच गुपचूप भरून टाकावं. दुसऱ्या एका पंपावर जाऊन त्यांनी पेट्रोल घातलं. किती घालायचं याचा त्यांना अंदाज नव्हता, पण भाजीत मीठ कमी पडल्याची शंका आली की त्यांचा हात सढळ पडे. इथेही पडला. पाच लिटर.

त्या रविवारी टाकी भरताना मापसाहेबांच्या हाती आकडा आला तेहतीस.

काकूंना वाटलं, सुटले. पण मापसाहेब आकड्याकडे पाहत काळवंडून गेले. दुकानदार कमी तोलतो तो चोर, हे कुणीही सांगेल. पण जो काटा जास्त देतो तोही तितकाच खोटा, आणि त्याच्यावर आधी टाच आणायची, कारण तो आज जास्त देतोय तो उद्या किती कापेल याचा नेम नाही, हे त्यांच्या खात्यातलं पहिलं तत्त्व होतं. आतापर्यंत त्यांना गाडीबद्दल नुसती तक्रार होती. आता संशय आला.

नेहमीच्या पंपावर ते आपलं जुनं पाच लिटरचं पितळी माप घेऊन गेले. पंपवाला त्यांना ओळखत होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. चहा नाकारून मापसाहेबांनी तीनदा माप भरून पाहिलं. थेंबाचा फरक निघाला नाही. पंपवाला म्हणाला, ‘साहेब, तुम्ही रिटायर झालात, पण मी अजून घाबरतोच.’ ही दाद त्यांना त्या आठवड्यातली एकमेव सुखाची गोष्ट वाटली.

मग कंपनीकडे तक्रार. कंपनीच्या अर्जात तक्रारीचा प्रकार यादीतून निवडायचा होता, आणि यादीत सगळं होतं, फक्त मायलेज नव्हतं. प्रकार निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. तीन दिवस धीर धरून शेवटी त्यांनी ‘आवाज’ निवडलं आणि खाली बारीक अक्षरात खरी तक्रार लिहिली. बारीक अक्षर कोण वाचतो? आवाज ऐकायला एक माणूस आला. डोळे मिटून वीस मिनिटं गाडीत बसला, तेव्हा काकूंना त्याचा फार हेवा वाटला. बाहेर येऊन तो म्हणाला, काहीच ऐकू येत नाही. मापसाहेब म्हणाले, येणारच नाही. त्यानं कागदावर ‘ग्राहक समाधानी’ असं लिहून सही मागितली. यावर जो पत्रव्यवहार झाला तो आपण सोडून देऊ. त्यातून एवढं निष्पन्न झालं की शुक्रवारी दोन वाजता गाडी सर्व्हिस सेंटरला आणावी, यंत्र लावून काय ते बघू.

मापसाहेबांनी दंतवैद्यांना साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. काकूंना घेतलं, कारण गाडी त्यांच्या नावावर होती. निम्मं अंतर गेलं आणि फट्. मागच्या चाकात बोटभर खिळा. सगळे खाली उतरले आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पलंगाखालची स्टेपनी उभी होती. दंतवैद्य जन्मात पहिल्यांदाच गप्प राहिले.

शेवटी सुनेला फोन गेला. बिचारी मीटिंग अर्ध्यावर सोडून टॅक्सीनं आली. मांडीवर स्टेपनी, पायाशी जॅक, कानात अजून ते बोलायचं यंत्र, आणि त्या यंत्रात ती कुणाला तरी अत्यंत सभ्यपणे सांगत होती की हो, हो, मी ऐकतेय. तिनंच चाक बदललं. हात काळे करून वर पाहिलं तेव्हा मापसाहेब म्हणाले, ‘साडेतेरा किलो वाचवायला गेलो.’ एवढा मोठा कबुलीजबाब त्या घरानं ऐकला नव्हता. सून हसली आणि म्हणाली, ‘बाबा, मीही येते आता सोबत.’

सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं गाडीला वायर जोडली, यंत्रातून कागद काढला आणि वाचता वाचता थांबला. मागच्या सीटवर वाचनालयाचं पुस्तक पडलं होतं, त्याकडे एकदा पाहिलं. मग काकूंकडे. काकूंनी मान खाली घातली होती. सगळे शेजारच्या काचेच्या खोलीत आल्यावर मेकॅनिकनं घसा साफ केला आणि तो म्हणाला, कधी कधी सेन्सर चुकीचं दाखवतो.

‘वाचा,’ मापसाहेब म्हणाले.

‘गाडी चालू, पण उभी. तीन महिन्यांत एकसष्ट तास. वेळ, बहुतेक चार ते पाच.’

त्या छोट्या खोलीत सगळे एकदम बोलू लागले. दंतवैद्य म्हणाले, दुपारच्या उन्हात यंत्रं काहीही दाखवतात, त्यांच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र तर चार ते पाच भरवशाचंच नसतं. सून म्हणाली, सॉफ्टवेअरचा घोळ असणार, ती घरी जाऊन अपडेट करून टाकेल. मेकॅनिक पुन्हा सेन्सरवर आला.

काकूंच्या तेव्हा लक्षात आलं. दंतवैद्यांच्या दवाखान्याची खिडकी वाचनालयाच्या मागच्या भिंतीकडे उघडत होती. गाडी कुठे उभी आहे हे सुनेच्या मोबाइलवर दिसत होतं, ते तिनंच पहिल्या आठवड्यात जोडून दिलं होतं. म्हणजे या दोघांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तिसऱ्याला आत्ता, अर्ध्या मिनिटात कळलं होतं. आपण तीन महिने एकट्या बसत होतो असं काकूंना वाटत होतं. खरं म्हणजे ही माणसं पाठ वळवून उभी होती, म्हणून त्या एकट्या बसू शकल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला रुमाल नव्हता. तो पर्समध्ये होता आणि पर्स वजनापायी घरी होती.

मापसाहेबांनी खिशातून पेन काढलं. त्यांचा आवाज खात्यातला झाला. ‘सेन्सर खोटा असेल तर या कागदाला अर्थ नाही. खोट्या यंत्राच्या कागदावर सही कुणाची?’

‘माझी,’ मेकॅनिक म्हणाला.

‘मग मला तुमच्यावर लेखी तक्रार करावी लागेल. नाइलाज आहे.’

मेकॅनिकनं मान हलवली. कागद परत मागितला नाही, आणि काकूंकडे पाहिलंही नाही. ते न पाहणं काकूंना सहन झालं नाही.

‘अहो, सेन्सर बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी बसते गाडीत. वाचनालयाच्या मागं. आणि ते मधले पाच लिटरही मीच टाकले होते.’

मापसाहेबांनी मेकॅनिकला विचारलं, एसी लावून गाडी उभी असली तर तासाला किती जळतं? तो म्हणाला, या उन्हात पाऊण लिटर धरा. मापसाहेबांनी तोच कागद उलटा केला आणि पेन चालवलं. एकसष्ट तासांचे लिटर, अधिक पाच, वजा अमुक, भागिले तमुक. शेवटच्या ओळीशी ते थांबले, पुन्हा वरून खाली आले आणि कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. अठ्ठावीस. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली. कंपनी खोटी नव्हती, पंप खोटा नव्हता, काटा सरळ होता. त्यांनी मेकॅनिकचा हात हातात घेतला आणि माफी मागितली, दोनदा.

सगळ्यांना वाटलं, संपलं. दंतवैद्यांनी सुटकेचा श्वासही टाकला. पण आकडा जुळला की मापसाहेब थांबत नसत. आकड्यामागचं कारण नोंदल्याशिवाय त्यांनी कधी दुकान सोडलं नव्हतं. काकूंकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘रोज तासभर? कशासाठी?’

काकूंनी सांगायला सुरुवात केली. ऊन असतं, पुस्तक चांगलं होतं, पाय दुखतात. सून मदतीला धावली, म्हणाली, आईंना वाचनालयात गर्दी आवडत नाही. दंतवैद्य म्हणाले, त्या भिंतीला वारा छान येतो. काचा बंद ठेवून एसी लावणाऱ्या बाईला वाऱ्याचं काय, हे कुणी त्यांना विचारलं नाही.

मापसाहेब ऐकत राहिले. एकेकाकडे पाहत राहिले, जसे दुकानात मालकाकडे, मग नोकराकडे, मग काट्याकडे पाहत तसे. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि काकूंच्या हातात दिली.

‘पावणेचार झालेत,’ ते म्हणाले. ‘तू हो पुढे. आम्ही टॅक्सीनं येतो.’

‘अहो, पण आज कशाला...’

‘जा. एसी लाव.’ ते दारापर्यंत काकूंबरोबर आले, काच पुढे ढकलून धरली आणि खाली, फरशीकडे पाहत म्हणाले, ‘मी घरात फार असतो.’

आणि चौतीस वर्षांत चालून आलेली ती एकुलती एक संधी काकूंनी सोडून दिली. फार म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं नाही.